ओळखीचं पाणी

माझ्या आईचा शून्यावर कधीच विश्वास नव्हता. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत, तिने नोकरीची सगळी वर्षं एका यंत्रापुढे काढली. पाण्यात, पावडरीत, कच्च्या मालात कुठला धातू किती आहे हे ते यंत्र सांगायचं. आकडा आला की आई तो वहीत लिहायची आणि पुढचा नमुना घ्यायची. शून्य आलं की मात्र तिचा हात थांबायचा. शेजारी एक बाटली असायची, तिच्यात किती शिसं आहे हे आईला पक्कं ठाऊक असायचं, कारण ते तिनेच सकाळी मोजून घातलेलं असायचं. ते पाणी ती यंत्राला पाजायची. तिथे बरोबर आकडा आला तरच आधीचं शून्य वहीत जायचं. कारखान्यात त्या बाटलीला स्टँडर्ड म्हणत. आई तिला ओळखीचं पाणी म्हणायची.

मी आता जे काम करते तेही शेवटी एका शून्यावरच उभं आहे, पण हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी आईच्या कामाला नोकरी म्हणायचे आणि माझ्या कामाला संशोधन. लिहिताना लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

आमच्या वस्तीतली विज्ञान शाखेची पहिली पदवीधर आई. बाबा कचेरीत कारकून. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर यायची आणि आई डबा, छत्री आणि अर्धवट घातलेली वेणी घेऊन धावायची. वेणी बसमध्ये पूर्ण व्हायची. संध्याकाळी ती परत आली की तिच्या साडीला कसलातरी आंबूस वास यायचा. वाऱ्याबरोबर कुठला वास आला की तो कोणत्या कारखान्याचा हे ती स्वयंपाकघरात बसून सांगायची, आणि बाबांनी कधी पैज लावली तर बाबाच हरायचे.

सुरक्षा सप्ताहात एक दिवस घरच्या माणसांना कारखाना बघायला सोडत. मी पाचवीत असताना गेले होते. आईच्या यंत्रात वीतभर लांब, सरळ रेषेत जळणारी निळी ज्योत होती. केसासारखी बारीक नळी बाटलीत बुडवली की ती पाणी ओढून ज्योतीत उडवायची. ज्योतीच्या एका बाजूला दिवा. शिसं मोजायचं तर शिशाचा दिवा, तांबं मोजायचं तर तांब्याचा. ज्या धातूचा दिवा, त्याचा उजेड त्याच धातूचे अणू गिळतात, बाकीचे ढुंकून बघत नाहीत. किती उजेड गिळला गेला यावरून धातू किती ते ठरायचं. आईने मला एका नमुन्याचं शून्य दाखवलं, मग ओळखीचं पाणी पाजलं, आकडा बरोबर आला तशी स्वतःशीच म्हणाली, "आता लिही." आणि लिहिलं.

मी विचारलं, "अणूला कसं कळतं, हा आपला दिवा म्हणून?"

"ते मला नाय माहीत गो. तू शिक आणि मला सांग."

घराबाहेर आई अगदी पुस्तकी मराठी बोलायची. माझ्याशी बोलताना, खरं काहीतरी बोलायचं असलं की, माहेरची बोली यायची.

मी शिकले. महाडचं कॉलेज, मग विद्यापीठ, मग दूरच्या शहरातली एक मोठी संस्था. तिथे मी दोन अणूंच्या रेणूंवर काम करू लागले. एक अणू धातूचा, एक कार्बनचा. या दोघांनी एकमेकांना किती घट्ट धरलंय ते मोजायचं. मामाला हे सांगितलं तेव्हा त्याला त्यातला लेसर हा एकच शब्द ओळखीचा वाटला. "म्हंजे डोल्यांचं ऑपरेशन करतेस का? आमच्या शेजारच्या म्हातारीला मोतीबिंदू हाय." मी हात टेकले. आई मात्र खोदून खोदून विचारायची. कशाला मोजायचं हे? मी सांगायचे की कारखान्यात औषधं बनवताना धातू कार्बनला धरतो, फिरवतो, सोडतो. किती जोराने धरतो हे नक्की माहीत नसलं की कागदावर गणित करणारे अंदाजाने चालतात, आणि दहा जणांचे दहा अंदाज येतात. कुणीतरी एकाने खरं मोजून ठेवलेलं असावं लागतं. हे तिला लगेच पटलं.

मोजण्याची रीत अशी. निर्वात पेटीत धातूच्या कांडीवर लेसर मारायचा, धातूची वाफ होते. तिच्यावरून हेलियमची झुळूक सोडायची, त्यात कार्बनसाठी किंचित मिथेन. थंडगार झोतात रेणू तयार होऊन उडत येतात. मग दुसऱ्या लेसरचा रंग तसूतसूने बदलत न्यायचा, लालाकडून निळ्याकडे. रेणूला रुचणारा रंग आला की तो प्रकाश घेतो. तेवढ्यात त्याला प्रकाशाचा आणखी एक फटका देऊन विद्युतभारित करायचं आणि मोजायचं. पडद्यावर एक रेघ उमटते. निळ्याकडे जावं तशा रेघा दाट होत जातात, आणि मग एका जागी एकदम संपतात. तिथून पुढे प्रकाशात इतका जोर असतो की रेणू मोजण्याआधीच तुटून जातो. रेघा ज्या रंगाला संपल्या, त्या रंगात बंधाची ताकद लिहिलेली असते.

पोलादपूरहून कुडपणला गेलात तर तिथल्या पठारावर चालता चालता एका ठिकाणी पायाखालची जमीनच संपते, पुढे थेट दरी. माझ्या रेघांची कड मला तशी वाटायची. ती पहिल्यांदा दिसली त्या दिवशी मी प्रयोगशाळेत एकटीच नाचले. आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, शांत माणूस, तेसुद्धा पडद्यापुढून हलेनात. हा बंध याआधी इतक्या नेमकेपणाने कुणी मोजलेला नव्हता. आम्ही शोधनिबंध लिहिला. माझं नाव पहिलं. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती आणि पुढचं सगळं या एका निबंधावर होतं. तो एका नियतकालिकाने स्वीकारला. छपाईआधी शेवटची नजर टाकायला कच्ची पानं आली, सोमवारपर्यंत परत करायची. तो शनिवार होता आणि मी महाडला आले होते, कारण आईच्या नोकरीचा शेवटचा आठवडा तोंडावर आला होता.

आई ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. तिने पदराला हात पुसले, चष्मा लावला.

"ह्या बघ, इथे संपल्या रेघा."

"इथून पुढे काही नाही?"

"काही नाही. तेच तर मोजलंय."

"म्हणजे शून्य."

"हो, शून्य."

"मग ओळखीचं पाणी कुठे पाजलंस?"

माझ्या नाकावरचा राग आमच्या घरात प्रसिद्ध आहे. "आई, हे तुझ्या कारखान्यातलं यंत्र नाही," मी म्हणाले. जे आवाजात होतं ते शब्दांपेक्षा वाईट होतं.

"नसेल," आई म्हणाली आणि पुन्हा वाल सोलायला लागली. "मी आपलं विचारलं."

थोड्या वेळाने मलाच राहवेना. मी समजावू लागले की प्रकाश चालू होता, त्याची ताकद मोजणारा मीटर लावलेला होता, मीटरचा काटा हलला नव्हता. आमच्या लेसरचा प्रकाश रंगद्रव्याच्या द्रावणातून निघतो. प्रत्येक द्रव्याची एक हद्द असते, तिच्यापुढे ते चालत नाही. मी हद्दीच्या जवळ होते, पण मीटर ठीक होता.

"मीटर काय बघतो?" आईने विचारलं. "उजेड हाय का, का तुझ्या रंगाचा उजेड हाय?"

मी लॅपटॉप परत माझ्याकडे ओढला.

"आमचा दिवा जुना झाला ना गो, की चांगला लालभडक दिसतो. बघणाऱ्याला वाटतं काय झकास चाललाय. पण तो आतल्या गॅसचा उजेड. शिशाचा उजेड त्यात संपलेला असतो. मग काहीही पाज, शून्यच येतं."

हे मला माहीत होतं. म्हणजे पुस्तकात वाचलेलं होतं. द्रव्य हद्दीशी आलं की तेही असंच वागतं. नेमका रंग मरतो आणि नुसती पसरट चमक उरते, मीटरला ती चालते, रेणूला नाही. मी परीक्षेत हे उत्तर लिहून गुणही मिळवले होते. आणि स्वतःच्या टेबलावर त्याची आठवण झाली नव्हती, कारण कड इतकी सुंदर आली होती.

आमचं यंत्र झोतातलं सगळंच एकदम टिपतं, प्रत्येकाची फाईल वेगळी. कड शोधताना मी फक्त माझ्या रेणूची फाईल बघितली होती. त्याच झोतात धातूचे सुटे अणूही होते. सुट्या अणूला बंधच नाही, तो तुटणार कसला? त्याच्या रेघा कुठे याव्यात हे तक्त्यांत छापलेलं असतं. कडेच्या अलीकडच्या अशा रेघा वापरूनच मी रंगाची मोजपट्टी लावली होती. कडेच्या पलीकडे बघायला मात्र गेले नव्हते. आईच्या शेजारी बसून मी अणूची फाईल उघडली. कडेच्या पलीकडे दोन ठळक रेघा हव्या होत्या. एकही नव्हती. अणूदेखील माझ्या रेणूबरोबर त्याच जागी गप्प झाला होता.

जमीन संपली नव्हती. पठारावर धुकं आलं होतं आणि मी धुक्याच्या काठावर उभी राहून दरी म्हणाले होते.

आईने वालांची परात उचलली आणि आत गेली. मी तिथेच बसले आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की हे कुणाला कळणार आहे? कदाचित कड खरोखर तिथेच असेल. सोमवारी पानं परत करायची, पुढे सवडीने मोजून बघायचं. शिष्यवृत्तीही मिळेल. मी हा विचार अगदी नीट, मुद्देसूद केला. मग मला उमरठची बोअरिंग आठवली.

आईचं माहेर उमरठच्या अलीकडच्या बौद्धवाडीत. मी सहावीत असताना वाडीत नवी बोअरिंग बसली. त्याआधी बायका ओढ्यावरून पाणी आणत. मामाने बाटलीभर पाणी महाडला आणून दिलं, "तुझ्या मशीनवर बघ गो, पिण्याजोगं हाय का." महाडच्या माणसाला पाणी म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही, आमच्या गावच्या तळ्याने ते सगळ्या देशाला सांगितलंय. आईने सायबांना विचारून, पाळी संपल्यावर नमुना लावला. शिसं शून्य. बस सुटायला दोन मिनिटं होती. त्या एका दिवशी तिने ओळखीचं पाणी पाजलं नाही. मामाला फोन केला, प्या खुशाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने यंत्र सुरू केलं आणि नळीत मिठाचा खडा अडकलेला सापडला. नळी पाणी ओढतच नव्हती. आदल्या दिवशी यंत्राने वाडीचं पाणी चाखलंच नव्हतं.

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, मला शाळेतून उचललं, आणि आम्ही एसटीने पोलादपूर, तिथून टमटमने आणि मग पायी वाडीवर गेलो. मामाच्या अंगणात आठ-दहा माणसं जमली. बोअरिंगच्या हापशाला हार घातलेला होता, तो अजून सुकलाही नव्हता. आई उभी राहिली आणि म्हणाली, "माझं चुकलं. पाणी चांगलं हाय असं मी बोलले ते न बघता बोलले. मी परत बघेपर्यंत पिऊ नका."

मामी फणकारली, "काल रातपासून पोरांनी पिलंय, त्याचं काय करायचं?"

"म्हंजे मशीन बिघडली व्हती," मामाने आईची बाजू सावरायला बघितलं.

"मशीन नाय. मी बघायला हवं व्हतं, मी नाय बघितलं."

मला तिचा इतका राग आला होता. मामा वाट मोकळी करून देत होता, तिने ती घ्यायला काय हरकत होती? वाडीची हुशार लेक म्हणून तिला सगळे मानायचे. आता बायका मागे वळून कुजबुजत होत्या, आणि हंडे घेऊन परत ओढ्याच्या वाटेला लागल्या होत्या. मी पायरीवर बसून अंगठ्याने माती उकरत राहिले. आई नवा नमुना भरून घेऊन आली, आणि चार दिवसांनी मला घेऊन पुन्हा वाडीवर गेली. पाणी चांगलं होतं. शिसं नव्हतंच.

मामा हसायला लागला. "म्हंजे पयलं बोललीस तेच खरं व्हतं की गो! उगाच चार दिवस पायपीट करवलीस बायकांना."

"खरं व्हतं," आई म्हणाली. "पण मला ठाऊक नव्हतं."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि विसरले. त्या शनिवारी ओटीवर ते मला जसंच्या तसं आठवलं. मी सरांना फोन लावला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आकडा चुकलाय याची खात्री आहे?"

"नाही सर. बरोबर आहे याची खात्री नाही."

ते म्हणाले, "ठीक. निबंध मागे घेऊ. मी संपादकांना लिहितो."

"मी लिहिते सर. चूक माझी आहे."

फोन ठेवून आत गेले तर आई बिरड्याला फोडणी देत होती. तिने पाठ न वळवता विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

तिने फोडणीत वाल घातले, गॅस बारीक केला. "त्या दिवशी वाडीवरून येताना मी पोलादपूर ते महाड रडले गो एसटीत. तू झोपली होतीस."

मी झोपले नव्हते. रागाने डोळे मिटून बसले होते, तिच्याकडे बघायचं नव्हतं म्हणून. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की आईला असं वागणं सोपं जातं, तिचा स्वभावच तसा आहे. मी तिला मागून मिठी मारली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले. ती म्हणाली, "बाजूला हो, तेल उडंल."

पुढच्या आठवड्यात आई निवृत्त झाली. कारखान्यात तिला शाल आणि श्रीफळ मिळालं. यंत्रावर जी नवी मुलगी बसणार होती, तिला आईने बाकी काही न सांगता ओळखीच्या पाण्याची बाटली कुठल्या फळीवर असते ते दाखवलं. हे मला त्या मुलीनेच नंतर सांगितलं.

मी परत गेले. शिष्यवृत्ती संपली, सरांनी खटपट करून सहा महिने निभावून नेले. नवं द्रव्य मागवलं, ते यायला महिने लागले, आल्यावर लेसर सगळा नव्याने लावावा लागला. ते झाल्यावर जुन्या कडेच्या पलीकडे गेले, तर तिथे रेघा होत्या. दाट, भरगच्च रेघा, बऱ्याच पुढपर्यंत. आणि मग त्या पुन्हा एकदम संपल्या. या वेळी मी नाचले नाही. आधी अणूची फाईल उघडली. बंध मी म्हणाले होते त्याच्यापेक्षा चांगलाच घट्ट निघाला. मी जो आकडा छापणार होते तो चक्क खोटा होता.

नवा निबंध पाठवण्याआधी त्यातल्या आकृतीचा कागद घेऊन मी महाडला आले. आई ओटीवरच होती. तिने चष्मा लावला. आकृतीत दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत माझा रेणू, कडेपर्यंत गर्दी आणि पुढे कोरं. ती ओळ तिने नुसती पाहिली. मग खालच्या ओळीवर बोट ठेवलं, जिथे सुट्या अणूच्या तुरळक रेघा होत्या, आणि हळूहळू बोट पुढे नेलं, कड ओलांडली, एक रेघ, आणखी पुढे, दुसरी रेघ.

"हे ओळखीचं?" तिने विचारलं.

"हो आई."

तिने चष्मा काढला, कागद माझ्या हातात परत दिला.

"आता लिही," ती म्हणाली.